आनेरोझेचा आवाज

पोट्सडामच्या स्टुडिओतून फोन आला तेव्हा आनेरोझे लिपोल्ड खुर्चीवर चढून खिडकीच्या काचा पुसत होती. वय त्र्याहत्तर, पण खुर्चीवर चढायची खोड काही जात नव्हती. युले नावाच्या ध्वनितंत्रज्ञ पोरीने सांगितलं, की तुमचा पंचाहत्तर सालचा सिनेमा आम्ही नव्याने स्वच्छ करतोय. चित्र छान आहे, पण एका प्रसंगाची आवाजाची फीत पार कुजलीय. तेवढं बोलायला याल का?

"आणि झीगलिंडे?" आनेरोझेने विचारलं.

झीगलिंडेबाई गेल्या वर्षीच वारल्या होत्या.

आता हे झीगलिंडे प्रकरण सांगायलाच हवं. आनेरोझे जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या त्स्विकाऊची. पंचविसाव्या वर्षी तिला सिनेमात नायिकेचं काम मिळालं, क्रेन चालवणाऱ्या मुलीचं. सगळं चित्रीकरण उरकल्यावर दिग्दर्शकाने गोड बोलून सांगितलं, की चेहरा तुझाच ठेवतो, आवाज मात्र नाही. सॅक्सन बोली कानावर पडली की उरलेल्या देशाला हसू फुटतं, त्याला तो बापडा काय करणार! मग बर्लिनच्या नाटकातल्या झीगलिंडे मार्क्वार्टने तिच्या तोंडी शुद्ध जर्मन घातलं. सिनेमा गाजला. त्स्विकाऊतल्या पहिल्या खेळाला आनेरोझेची आई शेजारच्या ट्राउडलला घेऊन ऐटीत जाऊन बसली. नायिका आजारी आईच्या उशाशी बसते त्या प्रसंगात आनेरोझेची आई उठली आणि चालती झाली. घरी आल्यावर म्हणाली, "तोंड माझ्या पोरीचं आणि बोलतेय भलतीच बाई. मला नाही बघवत." दोन वर्षांनी आई गेली. सिनेमा तिने शेवटपर्यंत पाहिलाच नाही, आणि ते आनेरोझेच्या मनाला कायमचं लागून राहिलं.

पुढे कामं मिळाली, नाही असं नाही. बर्लिनची भिंत पडल्यावर टीव्हीवर ती मोलकरीण झाली, नर्स झाली, पोलिसांना दार उघडून "मला काही माहीत नाही" म्हणणारी शेजारीण तर कितीदा तरी झाली. रविवारच्या गुन्हेमालिकेत तीनदा मढं झाली. मढ्याला बोलायचं नसतं, त्यामुळे ते काम तिला हमखास मिळायचं.

आणि कुजलेला प्रसंग नेमका आईच्या उशाशी बसण्याचा होता. त्यात नायिका नुसती कुजबुजते, म्हणून म्हातारा आवाज चालणार होता. आनेरोझेने आठवडाभर दातांत बाटलीचं बूच धरून शुद्ध उच्चार घोटले. नाटकशाळेत असंच शिकवतात. कॉफीला आलेल्या ट्राउडलने तो अवतार पाहिला आणि केकचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "नीट बोल हो आनी. नाहीतर परत मढं करतील."

स्टुडिओत काळोखात तिला पडद्यासमोर उभं केलं. तीन वेळा टिक वाजायचं आणि चौथ्याला बोलायचं. समोर पंचवीस वर्षांची ती स्वतः ओठ हलवत होती. आनेरोझे अगदी शुद्ध कुजबुजली, पण ओठांशी जमेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अकरा वेळा झालं, तेव्हा लाज वाटून ती खाली बसली. स्वतःच्याच तोंडाशी आपली गाठ पडत नाही, म्हणजे कमालच झाली. बाराव्या वेळी दमून, उच्चारबिच्चार गेले खड्ड्यात म्हणत, ती घरच्यासारखं कुजबुजली.

युलेने यंत्र थांबवलं. मागे नेऊन पुन्हा लावलं. शब्द न् शब्द ओठांशी जुळला होता.

"लिपोल्डबाई," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा सॅक्सनच बोलत होतात. झीगलिंडेबाईंचा आवाज ओठांवर कुठेच नीट बसत नाही, त्याचं कारण मला आज कळलं."

पण निर्णय या कामाचे प्रमुख टॉमसेन साहेबांचा. ते हॅम्बुर्गचे, मोजकं बोलणारे. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले की बाकी सगळा सिनेमा शुद्ध, मधेच हे आलं तर लोक हसतील. एखादी तरुण नटी बोलावू.

आनेरोझे आयुष्यात कुठल्या साहेबाला उलटून बोलली नव्हती. तिने हात कोटाच्या खिशात घातले.

"हसू द्या ना," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस वर्षांत त्या पोरीला कुणी बोलूच दिलं नाही. एक मिनिट बोलू द्या तिला. नंतर हवं तर माझं नाव काढून टाका."

टॉमसेन साहेबांनी पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. शेवटी युलेकडे वळून "राहू दे" म्हणाले आणि जेवायला गेले.

नव्याने स्वच्छ केलेला सिनेमा त्स्विकाऊच्या त्याच थिएटरात लागला तेव्हा ती ट्राउडलला घेऊन गेली. उशाशी बसायचा प्रसंग आला, पहिलं वाक्य आलं आणि साहेब म्हणाले तसंच झालं, सगळं थिएटर हसलं. पण हसणं लगेच विरलं. पडद्यावरची पोर त्यांच्याच बोलीत आईला सांगत होती, की मी आले, आता झोप. मागे कुणीतरी नाक ओढलं.

एरवी सिनेमाभर बडबडणारी ट्राउडल पुढे वाकून पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीकडे बघत होती. आनेरोझेने का म्हणून विचारलं.

"तुझी आई तिथे बसली होती," ट्राउडल म्हणाली. "तिथूनच उठून गेली होती."

आनेरोझेनेही त्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे कुणीतरी अनोळखी बाई मांडीवर पर्स घेऊन बसली होती, आणि ती काही उठली नाही.