पेरभर अंतर

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. आंधळगावातल्या एका विणकराच्या घरी माळ्यावर पालथा पडून आहे. माझं तोंड भिंतीकडे आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटतं.

वीरेंद्र आणि रक्षा शाळेत होती तेव्हा त्यांच्या वडिलांनी, गोपीचंदने, मला भंडाऱ्याच्या बाजारातून आणलं. दोघं मला इतकं गरगर फिरवायची की माझी दांडी सैल झाली. डोळे मिटून बोट ठेवायचं आणि ते पडेल तिथे आपण राहायला जायचं, असा त्यांचा खेळ होता. पुढे वीरेंद्र खरंच व्हिएन्नाला गेला आणि रक्षा ॲमस्टरडॅमला.

मग गोपीचंद अचानक वारला. वीरेंद्र आधी पोचला. रक्षाचं विमान वाटेतच होतं, पण त्याने तिची वाट न पाहता बापाला अग्नी दिला. ती आली तेव्हा अंगण झाडून झालं होतं. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं तुटलं.

त्यांची आई गिरजाबाई. तिला एकच हवं होतं, भाऊबीजेला वीरेंद्रने रक्षाच्या घरी जावं. ती त्याला फोनवर विचारायची, "तिच्या गावाले जायले किती वेळ लागते रे?"

"साडेनऊशे किलोमीटर आहे आई. विमानानं दोन तास."

"मंग जात काहून नाही? तुहा तुलाराममामा लाखांदूरहून दोन एसट्या बदलून येते माह्याकडे. अर्धा दिवस जाते त्याचा."

"सुट्टी नाही भेटून राहिली."

रक्षाला विचारलं की ती म्हणायची, "त्याले माह्यासाठी थांबता आलं नाही. आता मी कायले त्याची वाट पाहू?"

मागावर धागा तुटला की विणकर माग थांबवतो, दोन्ही टोकं सांधतो आणि मगच पुढे विणतो. गिरजाबाईचा जन्म त्यातच गेला होता. दिवाळीच्या तोंडावर तिने मला पुसलं आणि शेजारच्या रिताकडून दोन्ही गावं शोधून घेतली. सुताला लावायच्या खळीने एकेका गावावर एकेक रेशमी धागा चिकटवला आणि मधे गाठ मारली. अंतर जेमतेम पेरभर होतं.

"एवढंसंच तं आहे," ती म्हणाली.

भाऊबीजेला तिने तुलारामला ओवाळलं आणि मग निरांजन माझ्यापुढेही फिरवलं. रात्रीपर्यंत फोन काही वाजला नाही. मला तिच्या पोरांचा फार राग आला.

पुढच्या उन्हाळ्यात गिरजाबाई गेली. दोघं हजारो किलोमीटर ओलांडून आली, वेगवेगळ्या विमानांनी. या खेपेला वीरेंद्र बहिणीसाठी थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घर आवरताना मी वीरेंद्रच्या हाती लागलो. "हे काय चिकटलं इथं?" तो म्हणाला. रक्षा बाजूलाच उभी होती. दोघं विणकराच्या घरात वाढलेली, पण सांध्याची गाठ एकालाही ओळखू आली नाही. त्याने नखाने धागा खरवडला, फुंकर मारली आणि मला इथे वर टाकलं. मला वाचा असती तर ओरडून सांगितलं असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला नका जपू. फक्त तो बोट ठेवायचा खेळ खेळाल तेव्हा आपल्या सोबत्याचं बोट कुठे पडलं तेही बघून ठेवा, आणि आई विचारते आहे तोवर तिथे जाऊन या.

धागा गेला, पण खळीचे दोन पांढरे डाग अजून माझ्या अंगावर आहेत. त्यांच्याखाली दोन्ही गावांची नावं आता वाचता येत नाहीत.