देशी असल्याचा पुरावा

विक्रोळीच्या महापालिका शाळेची नवी इमारत बांधून पूर्ण झाली होती. ती देशी आहे की नाही, एवढेच ठरायचे राहिले होते.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या बांधकामात माल देशातच तयार झालेला असावा, अशी निविदेत अट होती. अट शहाणपणाची होती. ती ज्यांनी राबवायची, त्यांच्याविषयी तसे म्हणता येत नाही. मे महिन्यात तपासणीस आलेले अभियंता शरच्चंद्र यांना उरलेल्या फरश्यांची खोकी दिसली. खोक्यांवर ‘बेल्लोरिओ’ हे नाव, एक घुमट आणि इटलीचा झेंडा. त्यांनी सर्व वर्गांतली फरशी नामंजूर केली. फरशी उलटून पाहण्याची गरज कोणालाच वाटली नाही. खोके वाचता येत होते.

मुख्याध्यापिका रत्नप्रभा यांना चिंता होती ती वर्गांची. जुनी इमारत पाडल्यापासून त्यांची मुले हायवेपलीकडच्या शाळेत दुपारी बसत होती आणि रस्त्याच्या धास्तीने पालक एकेक करून दाखले काढून नेत होते. जूनमध्ये शाळा स्वतःच्या इमारतीत भरली नाही, तर पटसंख्येअभावी मराठी वर्ग बंद होतील, असे त्यांना अत्यंत सौजन्याने कळवण्यात आले होते. मराठी शाळा बंद पाडायला आता शत्रू लागत नाही.

फरशी पुरवणाऱ्या चंद्रप्रकाशचे दुकान अंधेरीला होते. त्या तिथे गेल्या.

“इटलीची?” तो हसला. “मॅडम, इटली मी पण खोक्यावरच बघितलीय. गुजरातचा, मोरबीचा माल आहे.”

“मग झेंडा कशाला?”

“मोरबी लिहिलं तर कोण घेणार? पब्लिकला हॉलमध्ये फॉरेन पाहिजे ना! मागचा छापसुद्धा कारखान्यातच घासून टाकतात.”

“हेच साहेबांसमोर येऊन सांगा.”

“वाट लागेल माझी! अर्ध्या बोरिवलीला इटालियन म्हणून विकलीय.”

“अर्ध्या बोरिवलीची पोरं हायवे ओलांडत नाहीत. माझी ओलांडतात.”

ज्या समाजात देशी वस्तूला खपण्यासाठी परदेशी व्हावे लागते, तिथे तिला देशी ठरवण्यासाठी साक्षीदार लागणे क्रमप्राप्तच होते. दुसऱ्या दिवशी शरच्चंद्र आणि कंत्राटदाराचा माणूस यांच्यासमोर साक्षीदार शाळेत हजर झाला. चेहरा आरोपीचा होता.

शरच्चंद्रांनी त्याचे बोलणे मध्येच तोडले. “मला शिकवू नका. माझ्या घरी हीच फरशी आहे. मिसेसनी अंधेरीहून आणली, लिंक रोडच्या दुकानातून. इटालियन पॉलिश मी ओळखतो.”

चंद्रप्रकाश जमिनीकडे बघू लागला. “साहेब, लिंक रोडचं ते दुकान माझंच.”

साहेबांचा आवाज चढला. “म्हणजे तू आम्हाला मोरबीचा माल इटालियन म्हणून खपवलास? थांब, आत्ता सिद्ध करतो!”

इतके दिवस फरशीला हातही न लावलेले शरच्चंद्र गुडघ्यांवर बसले. त्यांनी खोके फोडले, मोबाइलचा उजेड पाडून एकेक फरशी उलटी करून पाहिली. पहिलीवरचा छाप घासलेला, दुसरीवरचाही. तिसरीवर मात्र घासणाऱ्याने आळस केला होता.

“हे बघा! मेड इन इंडिया! ढळढळीत!”

“साहेब,” रत्नप्रभा म्हणाल्या, “जरा मोठ्याने वाचा. कंत्राटदाराच्या माणसाला ऐकू आलं नसेल.”

आपण काय सिद्ध केले, हे साहेबांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

“घरी हे कळलं तर,” ते पुटपुटले.

“कोण सांगणार?” चंद्रप्रकाश घाईघाईने म्हणाला. “माझा धंदा आहे, साहेब.”

देशी मालाची अट अशा रीतीने पूर्ण झाली. देशप्रेमाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता; एका माणसाचा दिवाणखान्यापुरता अभिमान दुखावला, एवढेच. शरच्चंद्रांनी उभ्या-उभ्याच मंजुरीवर सही केली आणि गुडघे झटकत ते निघून गेले.

रत्नप्रभांनी लगेच फोन लावला. पलीकडे द्रौपदी होती. सकाळीच मुलीचा दाखला मागायला आलेली.

“दाखला मिळायचा नाही गं. जूनमध्ये शाळा इथेच भरतेय, आपल्या इमारतीत.”

“नक्की ना बाई? म्हणजे हायवे नाय?”

“नाही.”

पलीकडे ती कोणाला तरी ओरडून सांगत होती. रत्नप्रभांनी चपला दाराशी काढल्या, रिकाम्या वर्गातल्या गार फरशीवर बसकण मारली आणि भिंतीला टेकून पाय लांब केले.