जिवंत मातीचा दाखला

"चाळीस पुरे होतील," खाणीचे साहेब म्हणाले. "खतखड्ड्यातली गांडुळं काढा आणि उद्या तपासणीच्या बाई यायच्या आत या वाफ्यात सोडा."

मास्तर फावड्यावर रेलून उभे होते. "साहेब, दोन वर्षं द्या. आपसूक येतील. आत्ता कुठे मातीला वास यायला लागलाय."

"वासावर दाखला मिळतो का?"

'गांडूळमास्तर' हे नाव त्यांना इथेच चिकटलं. त्याआधी बावीस वर्षं ते खाणीवर डंपर चालवायचे. कोळशावरचा दगड-मुरूम खोदून याच जागी ओतायचा. त्या ढिगाखाली त्यांच्या वडिलांचं चार एकर रान गाडलं गेलं, आणि त्यातल्या कितीतरी खेपा त्यांनी स्वतःच टाकल्या होत्या. पाठ गेली तेव्हा हलकं काम म्हणून ही जागा मिळाली. मेलेल्या ढिगावर शेणखत पसरा, पाला अंथरा, पाणी द्या. दोन वर्षं ढिम्म काही हललं नाही. लोक म्हणायचे, मास्तर दगडाला पाझर फोडतायत. तिसऱ्या वर्षी पाल्याखाली बुरशीचे पांढरे धागे दिसले, तेव्हा मास्तर तिथेच फतकल मारून बसले होते.

"दाखला मिळाला की पाणी तोडणार ना?" मास्तरांनी विचारलं.

"काम संपल्यावर पाणी कशाला?" साहेब जायला वळले, मग थांबले. "वहिनींचा ऑक्सिजन कसा चाललाय? आपल्या दवाखान्यातलंच मशीन ना ते?"

मास्तरांनी मान हलवली. घर खाणीचं, दवाखाना खाणीचा, निवृत्तीला चौदा महिने.

संध्याकाळी बायकोने नाकातली नळी सारखी करत विचारलं, "घास का फिरतोय तोंडात?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"मग नाही म्हणा."

मास्तरांनी घुरघुरणाऱ्या मशीनकडे पाहिलं.

"माझ्यावर नका ढकलू," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस बदलली.

सकाळी त्यांनी मोजून चाळीस सोडली.

तपासणीच्या बाई गुडघ्यावर बसल्या, स्वतः माती उकरली. एक लालसर गांडूळ तळव्यावर घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हे शेणखतातलं. मातीतलं नाही. कुठून आलं?"

"आता खत घालतो म्हटल्यावर..." साहेब हसले.

"मी यांना विचारतेय. काका, खरं सांगा. जमीन तयार नसेल तर मी मुदत वाढवून देते. दोन वर्षं, तीन वर्षं."

दोन वर्षं! मास्तरांच्या ओठांवर शब्द आला. साहेब मागे उभे होते. उतारापलीकडे दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं.

"इथलंच आहे, बाई."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी गांडूळ खाली ठेवलं, वर चिमूटभर माती लोटली आणि कागदावर सही केली. पुन्हा त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही.

आठवड्यात पाण्याचा पाइप गुंडाळून नेला. मग फलक आला: 'येथील माती पुन्हा जिवंत झाली आहे.' त्याच्या खांबासाठी खड्डा मास्तरांनीच खणायला घेतला. वीतभर खाली टिकाव खणकन दगडावर आपटला. जागा बदलली, तिथेही तेच.

"हे असं उभं राहायचं नाही," गवंडी म्हणाला. "सिमेंट ओततो. तोवर धरा मास्तर, सरळ."

मास्तरांनी दोन्ही हातांनी खांब धरला. गवंड्याने सिमेंट ओतलं, थापी धुतली. "मी चहा घेऊन येतो. घट्ट होईपर्यंत हलू नका."

ऊन चढलं. पाठीतून कळ गेली तरी मास्तरांनी हात सोडले नाहीत. अक्षरं रस्त्याच्या बाजूला होती. त्यांच्या तोंडासमोर नुसता कोरा पत्रा होता.