लंगड्याचा आवाज

अमेरिकेत म्हणे ही मालिका लोक घरात बसून टीव्हीच्या पेटीवर बघत. वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्यात पेटी कुठली? तिथे नत्थुजींचा सिनेमाचा तंबू होता, आणि दर बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला त्या तंबूत तिचा एकेक भाग लागायचा. घोडे, धूळ, लाकडी घरांचं एक उजाड गाव आणि त्या गावाची राखण करणारे दोघे. नटांची नावं इंग्रजीत यायची आणि इंग्रजीतच जायची. ती वाचतो कोण! लोकांनी आपलं आपण बारसं उरकून घेतलं होतं. उंच, देखणा, कमी बोलणारा तो टोपीवाला. त्याच्या मागे पाय ओढत, कुरकुर करत, पण कधी साथ न सोडणारा तो लंगडा. काय जीव लावला होता गावानं त्या दोघांना! लंगड्याला चोरांनी खांबाला बांधलं त्या आठवड्यात जिनिंगात कापूस-सरकी वेगळी करणाऱ्या बायांना म्हणे भाकर गोड लागली नाही.

खरं तर हा जीव लावायला शिकवलं होतं पडद्याशेजारच्या दोघांनी. इंग्रजी कुणाच्या बापाला येत होतं? म्हणून देवमन आणि शेषराव पडद्याच्या दोन बाजूंना पत्र्याचे कर्णे घेऊन उभे राहत, आणि पडद्यावरचं तोंड हललं की आपल्या मनानं वऱ्हाडीत बोलत. टोपीवाला देवमनचा, लंगडा शेषरावचा. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार, छप्पन साली नागपूरला दीक्षेसाठी एकाच ट्रकातून गेलेले. जिनिंगातल्या सरकीच्या धुळीनं शेषरावचा गळा कायमचा खरखरीत झाला होता. तोच आवाज लंगड्याला असा फिट्ट बसला, की मूळ नटानं ऐकला असता तर बिचाऱ्यानं आपलं बोलणं बंद केलं असतं.

"बे टोपीवाल्या, घोड्यावर तू बसतं अन् कंबर मायी दुखते!" शेषराव म्हणायचा, आणि तंबू हसून लोटपोट व्हायचा.

चौसष्टच्या मे महिन्यात शेषराव वारला. सातव्या भागाचा फिल्मचा डबा बडनेरा स्टेशनच्या पार्सलात अडकला होता. तो आणायचं काम देवमनचं. पण बाहेर आग ओतत होती, आणि देवमननं गळा बसल्याचं ढोंग केलं. "मी गेलो तं परवा टोपीवाला कोन बोलंन? तू जा." शेषरावच्या अंगात ताप होता. तो दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा उठून गेला. डबा घेऊन परतला तो फणफणतच, आणि तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात संपला.

त्याची बायको सुंदराबाई तिथेच म्हणाली, "अंगात ताप असून हे काऊन गेले, भाऊ?"

खरं सांगायची तीच वेळ होती. देवमनच्या तोंडून निघालं, "म्या नको म्हटलं वयनी. त्यानं आयकलंच नाई. हट्टच धरला."

इतकंच बोलला. पण त्या एका वाक्यानं शेषराव दुसऱ्यांदा मेला. सुंदराबाईनं नवऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरवून पेटीत टाकला. कुणी नाव काढलं तर म्हणायची, "त्याले लेकरापेक्षा तमाशा मोठा होता."

पावसाळाभर तंबू गुंडाळलेला होता. दसऱ्यानंतर नत्थुजींनी तो पुन्हा उभारला, तेव्हा प्रश्न पडला की लंगड्याचं काय? नवा माणूस घ्यायला देवमन तयार होईना, आणि स्वतः तो आवाज काढायचा म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. त्यानं सांगून टाकलं, "गोळीनं लंगड्याचा गळा गेला." लोक हळहळले, काही चिडलेही. पण पडद्यावर लंगड्याचं तोंड हलतच राहिलं. ते थेट देवमनकडे वळून हलायचं. शेवटी देवमननं त्याच्याकडे पाहणंच सोडलं. मग त्याला पडद्याच्या पलीकडच्या, शेषरावच्या अंगाला खाकरल्यासारखं ऐकू येऊ लागलं. तिकडे कुणीच नसायचं.

तिसऱ्या बाजाराला सुंदराबाई आली. खेळ सुरू व्हायच्या आत पडद्यापाशी येऊन उभी राहिली.

"बाया सांगत होत्या, तुमी लंगड्याले मुका केलं म्हनून."

"त्याच्या जागी म्या कसा बोलू, वयनी?"

"बरंच केलं. मायावाल्या मानसालेबी बोलाचं काई नव्हतंच. जाताना शालूकडं पाह्यलंसुदिक नाई त्यानं." एवढं बोलून ती पुढच्या रांगेत जाऊन बसली.

देवमन कर्णा घेऊन आपल्या जागी गेला. असला माणूस नव्हता हो शेषराव! बडनेऱ्याला निघताना, सुंदराबाई कामावर असताना, देवमनच्या डोळ्यांदेखत झोपलेल्या पोरीच्या, शालूच्या डोक्यावरून तीनदा हात फिरवून निघाला होता तो.

मशीन सुरू झालं. टोपीवाला घोड्यावरून उतरला. लंगडा पाय ओढत पुढे आला, वळला आणि त्याचं तोंड हललं.

"बे टोपीवाल्या," तंबूत खरखरीत आवाज घुमला, "खरं सांग. मले ताप होता. मी नाई म्हनत होतो. डबा आनाची पाळी तुयी होती. गळा बसल्याचं ढोंग केलं तुनं, अन् मले धाडलं."

"लंगडा बोलला!" लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. कर्णा देवमनच्याच तोंडाशी होता. पण ते शब्द आपण बोललो की आणखी कुणी, हे त्याला पुढे जन्मभर सांगता आलं नाही.

सुंदराबाई उठून उभी राहिली. मागच्यांनी "बस वं बाई" म्हणून आरडाओरडा केला, तिच्या कानी तो गेला नाही. ती देवमनकडे बघतच नव्हती. पडद्यावरच्या त्या भल्याथोरल्या तोंडाकडे बघून ती म्हणाली,

"पाच महिने मी तुमचं नाव घेतलं नाई. फोटो पेटीत टाकला. मायावर रागावले काय?"

टाळ्या थांबल्या. लंगडा अजून काहीतरी बोलतच होता, आणि ती उत्तराची वाट पाहत होती. देवमननं कर्णा उचलला. "नाई वं सुंदरे" एवढे तीनच शब्द बोलायचे होते! साऱ्या मालिकेभर त्यानं मनाची वाक्यं पडद्यावरच्या लोकांच्या तोंडी घातली होती. पण शेषरावच्या नावानं आता एक शब्दही आपल्या पदरचा घालायला त्याची जीभ उचलेना. तो पलीकडच्या अंगाला कान लावून उभा राहिला. तिकडून खाकरणंही येईना.

पडद्यावर लंगड्यानं बोलणं संपवलं, टोपीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय ओढत निघून गेला. सुंदराबाई उभीच होती.