काढता पाय

आयुष्यात मी कुणाचे पाय धरले नाहीत, ना साहेबांचे ना सासूचे, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता रोज रात्री धरते. फक्त उजवा.

दोन-अडीचच्या सुमारास पलंग हलतो आणि अंधारातून एकच शब्द येतो, "धर." मी दिवा लावत नाही, चष्मा शोधत नाही. उठून पायथ्याशी बसते, एका हाताने त्यांची टाच धरते, दुसऱ्या हाताने चवडा मागे रेटते आणि मनात आकडे मोजायला लागते. पोटरीतला गोळा हाताला दगडासारखा लागतो. कधी तो चाळिसाला सुटतो, कधी दोनशेपर्यंत जातो. तोवर हे उशीचा कोपरा दातात धरून पडलेले असतात आणि मी दुसरं काहीही करू शकत नाही. तीन वर्षं झाली. लोक म्हणतात, सवय होते. होत नाही.

ह्यांचं काम बसून करायचं आहे, असं सगळ्यांना वाटतं. हे एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. शिकणारा स्टिअरिंग धरतो आणि हे शेजारी बसतात. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून बसलं तर गाडी अडखळते, पाय लांब ठेवला तर वेळेवर पोचत नाही. म्हणून तो ब्रेकच्या बोटभर वर धरून ठेवायचा. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत, एकामागून एक दहा माणसं, आणि बोटभर वर धरलेला पाय. एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखाली गाडीला साधा ओरखडाही गेलेला नाही. ही गोष्ट त्यांनी मला लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा सांगितली आहे.

उपाय म्हणाल तर सगळे झाले. शेक झाला, तेल झालं, केळी झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून चादरीखाली साबणाची वडी ठेवून झाली. गोळा आला तो आलाच, वर गादीला वास लागला. डॉक्टरांनी गोळ्यावर गोळी दिली, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायला लावल्या आणि बजावलं की दिवसभर पाणी प्या. मी मोठी बाटली भरून देऊ लागले. बाटली रिकामी परत यायची, मला बरं वाटायचं. महिन्याभराने लक्षात आलं की जिन्याखालच्या कुंडीतलं मरायला टेकलेलं झाड एकदम तरारलंय. संध्याकाळी घरी येताना बाटली तिथे उपडी होत होती. मी भडकले, तेव्हा शांतपणे म्हणाले की दोन शिकाऊंच्या मधे चार मिनिटं असतात, रस्त्यावर मोरी कुठून आणू.

पण खरी गोष्ट त्यांनी सांगितली ती गेल्या महिन्यात. त्या रात्री गोळा सुटला तरी ते आडवे झाले नाहीत.

"आज दुपारी आला होता," म्हणाले. "गाडीत."

बँकेतली एक मुलगी शिकायला येते, तिच्या वेळेला. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. गोळा आला की पाय खाली ताठतो. तो ब्रेकवर गेला, गाडी गचका खाऊन बंद पडली. मुलीला वाटलं तिच्याच हातून काही झालं. ती तीन-तीनदा सॉरी म्हणाली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, असू दे. पुढच्या वेळी लक्ष ठेवा."

मी त्यांचा पाय मांडीवरून खाली ठेवला. मला राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. गोळा आला तेव्हा समोर एखादं पोर असतं तर? मागून ट्रक असता तर? मी एवढंच म्हटलं की आता पुरे, मालकांना सांगा आणि सोडा. ते म्हणाले, "घरी बसून कोणाची गाडी थांबवू?" मग माझ्याकडून वचन घेतलं की मालकांना मी काही सांगायचं नाही. ते स्वतःच सांगतील. कधी, ते काही बोलले नाहीत.

पुढचे आठ दिवस ते सकाळी बूट घालायचे आणि मी दारात उभी राहून त्या उजव्या बुटाकडे बघायची. अँब्युलन्सचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. नवव्या दिवशी मी वचन मोडायचं ठरवलं आणि मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "बोला वहिनी." एकतीस वर्षं त्यांच्या तोंडून ह्यांचं कौतुक ऐकलंय मी. जीभ रेटेना. तोंडातून निघालं, "मला गाडी शिकायची आहे."

मालक खूप हसले. मी फोन ठेवला आणि स्वतःवर चरफडले. मग वाटलं, हेही वाईट नाही. दहा तासांतला एक तास तरी असा जाईल की गाडीत दुसरं कोणाचं लेकरू नसेल. गोळा आला तर माझ्यासमोर येईल.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी फॉर्म भरला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडीत बसले आणि म्हणाले, "आरसा नीट करून घ्या." मी वळून बघितलं. गाडीत ते सगळ्यांना तुम्ही म्हणतात, अगदी कॉलेजातल्या पोरांनाही. तो त्यांचा नियम. लग्नानंतर पहिल्यांदाच मला नवऱ्याने तुम्ही म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

आणि ते शिकवतात सुरेख. घरी चहात साखर कमी पडली तर कपाळाला आठी, पण तिथे मी चार वेळा गाडी बंद पाडली तरी आवाज चढला नाही. "पाय काढा. घाई नको. अजून थोडा काढा." एवढंच. मी क्लच सोडत असे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचा बूट बघत असे. बोटभर वर. त्यांना ते कळत होतं. "समोर बघा," म्हणायचे.

पाचव्या दिवशी त्यांनी मला मोठ्या चौकात नेलं. सिग्नल हिरवा झाला, मी पाय काढला, गाडी छान निघाली. चौकाच्या ऐन मध्यावर ती गचका खाऊन थांबली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. पटकन, आपोआप.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "धर."

मी खाली बघितलं. बूट ब्रेकवर पुरता दाबला गेला होता आणि मांडी थरथरत होती. त्यांच्या ओठाजवळ उशी नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या शर्टाची बाही दातात धरली होती. मी हात लांब केला. मधे गिअरचा दांडा, छातीवर पट्टा. हात त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचला, पुढे जाईना. रोज रात्री झोपेत जमतं ते मला लख्ख उजेडात जमत नव्हतं. मी गुडघा धरून बसले. गुडघा धरून काही होत नाही, मला माहीत होतं. मागचे हॉर्न सुरू झाले. मी मोजायला लागले, कारण दुसरं काय करायचं मला सुचत नव्हतं. सिग्नल लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. लोक दोन्ही बाजूंनी आम्हाला ओलांडून जात होते आणि काचेतून काहीबाही बोलत होते. मी म्हटलं, मी उतरते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शिकाऊने भर रस्त्यात गाडी सोडायची नसते, हा त्यांचा आणखी एक नियम.

मी हँडब्रेक ओढला, पट्टा सोडला आणि उतरले. वळसा घालून त्यांचं दार उघडलं, रस्त्यावरच गुडघे टेकून बसले, बूट ओढून काढला आणि टाच मांडीवर घेतली. टपावर ड्रायव्हिंग स्कूलचं नाव, खाली फोन नंबर, आणि त्याखाली मी. एक बसचालक खाली वाकून म्हणाला की काकू, इथे कुठे बसलात. त्याला मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. दोघा-तिघांनी मोबाइल आमच्याकडे धरले होते.

एकशे तीसला गोळा सुटला. ह्यांनी डोळे पुसले आणि हॉर्नच्या त्या गोंगाटात मला विचारलं, "तुझे गुडघे सोलवटले का?"

मी म्हटलं, आता तुम्ही चालवा, मला नाही जमणार. ते उतरायला गेले. पाय टेकताच कळ मारली आणि दाराला धरून पुन्हा बसले. घरापर्यंत तो पाय काही कामाचा नव्हता. मग मीच परत वळसा घालून स्टिअरिंगवर बसले.

त्यांचा फोन वाजायला लागला. मालकांचा होता, कुणीतरी टपावरचा नंबर फिरवला असणार. तो वाजून बंद झाला. परत वाजला. त्यांनी उचलला.

"हो, मीच," ते म्हणाले. "माझ्या पायात गोळे येतात. तीन वर्षं झाली. उद्यापासून माझ्याकडे कोणाला देऊ नका." मालक तिकडून बरंच काही बोलत असावेत. ह्यांनी ऐकून घेतलं. "आणि बँकेतल्या त्या मुलीला तेवढं सांगा. त्या दिवशी चूक तिची नव्हती."

फोन त्यांनी खिशात ठेवला. सिग्नल हिरवा झाला. मी गाडी सुरू केली, क्लच दाबला, गिअर टाकला, हँडब्रेक सोडला आणि सवयीने खाली बघितलं. पाय ब्रेकवर नव्हता. बोटभर वरही नव्हता. दोन्ही पाय त्यांनी मागे सीटखाली ओढून घेतले होते, एकात बूट आणि एकात नुसता मोजा.

"अहो, पाय कुठे आहे तुमचा?"

"काढला," ते म्हणाले. "समोर बघ."

म्हणजे गाडीत आता एकच ब्रेक होता, तोही माझ्या पायाखाली, आणि मला येऊन जाऊन पाच दिवसांचं शिक्षण. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी हळूहळू पाय काढला. घाई केली नाही. घरापर्यंत पहिल्या गिअरमधेच गेले, आणि त्यांनी एकदाही दुसरा टाक म्हटलं नाही.