डाव्या हाताची लिव्हर

माझ्या बाबांना मदत करायची असेल तर ती त्यांच्या नकळत करावी लागते, आणि केल्यावर वर त्यांचीच माफी मागावी लागते. बेचाळीस वर्षांत एवढं तरी मला कळायला हवं होतं. नाही कळलं, म्हणून मी त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरला लिफ्ट बसवायला घेतली.

ट्रॅक्टर माझ्याहून वयाने मोठा. बाबांचा जीव त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त, आणि यात नवल नाही. त्याने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही. त्याच्या मागे नुसता एक हूक आहे. नांगर स्वतःच्या चाकांवर मागून ओढत यायचा. शेताचं टोक आलं की ट्रॅक्टर थांबवा, खाली उतरा, दांडा ओढून फाळ जमिनीबाहेर काढा, वर चढा, वळवा, पुन्हा उतरून फाळ खाली सोडा. दर ओळीला हीच कसरत. नव्या ट्रॅक्टरांना मागे दोन हात आणि वर एक दांडी असते. नांगर त्या तिघांवर लटकतो आणि बसल्या जागी लिव्हर ओढली की वर येतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी नांगरट बंद केली. "चढउतार आता होत नाही," एवढंच म्हणाले. त्याच्या महिनाभर आधी ते न्हाणीघरात पडले होते. "पाय घसरला," म्हणाले, आणि तो विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात. बाबा संपवतात, आई भांडी घासायला घेते, दादा मोबाइल काढतो.

नांगरट बंद झाली तरी दर रविवारी ते ट्रॅक्टर शेडमधून बाहेर काढायचे, अंगणात एक फेरी मारायचे आणि परत आत लावायचे. त्या वेळी कोणी जवळ फिरकायचं नाही, हा त्यांचा नियम. मी लांबून बघायची. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा खाली गुडघ्यापाशी निवांत. माणूस बसायचा ऐटीत.

मी फिटर आहे. पंधरा वर्षं बस डेपोत काढली आणि गेल्या वर्षी नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकलं. भाड्याची शेड, एक वेल्डिंग मशीन, एक जुनं लेथ. बाबा मला 'फिटरीणबाई' म्हणतात, आणि ते कौतुकानं नाही. वर्कशॉप रडतखडत चाललं होतं. तेव्हा डोक्यात आलं, की बाबांसारखे जुने ट्रॅक्टर जपून ठेवलेले पंचक्रोशीत खूप जण आहेत, आणि सगळ्यांची कंबर एकाच वयाची झाली आहे. बाबांच्या ट्रॅक्टरला लिफ्ट बसली, त्यांनी लोकांसमोर ती चालवून दाखवली, की मला कामाची ददात नाही. आणि बाबा पुन्हा नांगराला लागतील. खरं सांगते, पहिलं कारण हेच होतं. वर्कशॉप दुसरं.

आठ महिने लागले. पंप भंगारातल्या फोर्कलिफ्टचा. मागचे दोन्ही हात मी जाड पट्टीतून कापले, घासले, पुन्हा कापले, आणि नांगराची चाकं काढून तो त्यांच्यावर लटकवला. ट्रॅक्टरला एकही नवं भोक पाडलं नाही, सगळं नटबोल्टवर. हे बाबांना तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी शेडची किल्ली दिली. काम करताना क्लचच्या पेडलला कडेला एक भोक दिसलं. कडा घासून लख्ख झालेल्या. मूळच्या एखाद्या स्प्रिंगचं असेल, म्हणून सोडून दिलं. पंधरा वर्षं क्लच दुरुस्त केलेल्या बाईने सोडून दिलं.

लिव्हर कुठे लावायची, यावर मात्र मी चार दिवस डोकं लढवलं. उजवा हात स्टिअरिंगला लागतो. डावा मोकळाच असतो, गुडघ्यापाशी. मग डावीकडे, हात जरासा वर नेला की सापडेल अशी लावली. स्वतः अर्धं शेत नांगरून पाहिलं. लोण्यातून सुरी जावी तसा फाळ जात होता आणि बोटभर लिव्हर ओढली की अख्खा नांगर वर.

"बाबा, शनिवारी सकाळी तीन जण बघायला येतायत," मी म्हणाले. "गिरणीवाले, रिटायर झालेले मास्तर आणि लाकडाच्या वखारीवाले. तिघांकडे असेच जुने ट्रॅक्टर आहेत. तुम्ही चालवून दाखवाल ना?"

बाबांनी लिव्हरकडे बघितलं. मग म्हणाले, "आठ महिने खपलीस, आता चालवावा लागेलच की."

मी त्यालाच होकार समजले.

शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिघं गिऱ्हाइकं कुंपणाला टेकून उभी. दादाही आला होता, तोंड वाकडं करून. त्याने जुन्या यंत्रांचा संग्रह करणारा एक माणूस गाठून ठेवला होता. त्याला ट्रॅक्टर हवा होता, पण मुळात होता तसा, एकही जोडकाम नसलेला. "तुझ्या या शेपटीमुळे सौदा फिसकटणार," हे दादा मला आठवडाभर ऐकवत होता.

बाबा वर चढून बसले. इंजिन सुरू झालं. त्यांनी दोन्ही हात डाव्या गुडघ्यावर रोवले आणि सगळं अंग पुढे टाकलं. मला वाटलं, दोन वर्षांनी नांगराला बसताना भरून आलंय. माझेही डोळे भरले.

पहिली ओळ अशी सरळ गेली, की मास्तरांनी "वा!" केलं. वीतभर खोल, काळीभोर, मागे सुतासारखी. टोक जवळ आलं. वेग कमी होईना. पुढे कुंपण आणि कुंपणापलीकडे चर.

"बाबा, लिव्हर!" मी ओरडले.

त्यांचा डावा हात लिव्हरकडे गेलाच नाही. तो खाली गेला, गुडघ्याच्या बाजूला हवेत काहीतरी चाचपडला, एकदा, दोनदा. मग कुंपणाचे खांब मोडल्याचा आवाज आला आणि ट्रॅक्टरचं नाक चरात गेलं. नांगर जमिनीत घट्ट रुतलेला होता, म्हणून मागची बाजू धरून राहिली आणि ट्रॅक्टर उलटला नाही. इंजिन गचके देऊन बंद पडलं. माझ्या लिफ्टच्या दोन हातांनी त्या दिवशी बाबांना वाचवलं, पण ते सांगायला कोणाला फुरसत होती?

स्टिअरिंग ओठावर लागून रक्त आलं होतं. दादाने त्यांना धरून खाली घेतलं. रुमाल तोंडाला लावून बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "लिव्हर ओढतोय, ओढतोय, नांगर वर आलाच नाही. काय करून ठेवलंय हिनं."

त्यांनी ती ओढली नव्हती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला आपण काय केलं ते आठवत नाही, हे डेपोत बरेचदा बघितलंय. दोष माझाच, म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचा हात ऐन वेळी जिथे गेला, तिथे लिव्हर हवी होती.

गिरणीवाले जाता जाता हसून म्हणाले, "बरं झालं ताई, आधी घरच्यांवर करून बघितलंत."

पंधरा दिवसांत ही गोष्ट सगळीकडे झाली: पोरीने बापाला चरात घातलं. लिफ्टचं सोडा, कोणी गेटची कडी वेल्ड करायलाही येईना. मी शेडच्या मालकाला महिनाअखेर जागा सोडते म्हणून सांगितलं आणि डेपोत अर्ज टाकला. तिथल्या साहेबाने अर्जावरून नजर न काढता विचारलं, "झाली का हौस?"

दादाचा सौदा ठरला होता; संग्रहवाला सोमवारी ट्रॅक्टर न्यायला येणार होता. रविवारी सकाळी मी लिफ्ट उतरवली. बाकावर ठेवून पंप लावला, लिव्हर ओढली. वर आली. पन्नास वेळा ओढली, पन्नास वेळा वर आली. मला रडू कोसळलं, रागाचं.

मग सीटखालची हत्यारांची पेटी रिकामी करायला घेतली. पान्यांच्या तळाशी, फडक्यात नीट गुंडाळलेली एक बारीक दोरी होती, ग्रीसने काळी पडलेली. एका टोकाला लोखंडी आकडा, दुसऱ्याला बोटं अडकवायला फास. फासाची गाठ बाबांची, मी ती हजारात ओळखीन. आकडा हातात धरला आणि माझी नजर क्लचच्या त्या भोकाकडे गेली.

आकडा चपखल बसला. मी सीटवर बसले. फास बरोबर डाव्या गुडघ्यापाशी आला. ओढला. क्लच आत गेला.

निवांत डावा हात! दोन वर्षं दर रविवारी तो हात क्लच ओढत होता, कारण डाव्या पायात दाबायची ताकदच उरली नव्हती. आणि मी त्याच हाताला आणखी एक काम दिलं होतं. त्या शनिवारी लोकांसमोर दोरी लावायची लाज वाटली असणार, म्हणून ती पेटीत राहिली. टोकाला पाय दाबेना, क्लचशिवाय ट्रॅक्टर थांबेना, तेव्हा हात हवेत तीच चाचपत होता.

बाबा स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. मी दोरी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यांनी बघितलं आणि पुढची शेंग घेतली.

"बाबा, मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं?"

"पेडलला एक सळी वेल्ड करून वर हँडल आणलं असतं. हातानं क्लच. अर्ध्या तासाचं काम होतं हो बाबा! अर्ध्या तासाचं!"

"आणि बघणाऱ्यांनी विचारलं असतं, हे कशाला?"

"मग त्या शनिवारी नाही म्हणायचं होतंत."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तू आठ महिने खपलीस. नाही कसं म्हणणार? वाटलं, एका दिवसापुरता दाबेल पाय. सुरुवातीला दाबलाही."

"मग लिव्हर ओढली, असं खोटं का बोललात? माझं वर्कशॉप गेलं, बाबा."

"तुला नोकरी मिळेल," ते हळूच म्हणाले. "मला पाय कुठून मिळणार?"

मला ओरडायचं होतं. तेवढ्यात दादा संग्रहवाल्याचे कागद घेऊन आत आला. "काय आवाज चढवलाय? आणि ही दोरी कसली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, पाण्याचा ग्लाससुद्धा नाही. त्या वेळी मागत होते.

"काही नाही," मी म्हणाले. "मापाला घेतली होती. लिफ्टमधली चूक सापडली. लिव्हर चुकीच्या जागी लावली होती मी."

"म्हणजे चूक तुझीच," दादा म्हणाला.

"माझीच."

बाबांनी दोरी उचलली, गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात घातली. मग पुढची शेंग घेऊन म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय."