पडद्याची ब्युक

मोटार घ्यायची तर थोरामोठ्यांच्या घरचीच घ्यायची, हे खूळ हंबीररावाच्या डोक्यात लष्करात शिरलं. सहा वर्षं त्यानं पलटणीचे ट्रक हाकले, साहेबांच्या गाड्या पुसल्या, आणि शेचाळीस साली रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी आला तो तोंडात मोटारीचंच नाव घेऊन. बायको शालूबाई म्हणाली, "आवं, त्या पैशात बैलजोडी घ्या की चांगली." पण बैलांचं नाव त्याच्यापुढं काढायची सोयच राहिली नव्हती.

त्याची धाकटी बहीण लीला तासगावात दिलेली. आईबाप कधीच गेलेले, भाऊ हा एकच, आणि तो लढाईवर. पंचमीला सगळ्या गावच्या सुनांना माहेराहून न्यायला मुराळी येत, हिला कोण येणार? पाच पंचम्या ही बया दारात उभी राहून दुसऱ्यांचे भाऊ बघत होती. तिसऱ्या साली ती गरोदर होती म्हणून एक चुलतभाऊ तिला बाळंतपणाला आणायला बैलगाडी घेऊन गेला. पुसेसावळीच्या अलीकडं चाकोरीत गाडीनं असे हिसके खाल्ले, की रस्त्याकडंच्या बाभळीखालीच पोरीचं पोट रिकामं झालं. पत्र हंबीररावाला वाळवंटात मिळालं. ट्रकच्या चाकाला टेकून तो गडी ढसाढसा रडला, आणि पुढच्या वेळी बहिणीला मऊ गादीच्या मोटारीतूनच आणीन, अशी त्यानं शपथ घेतली.

आता लीलाला आठवा सरत आला होता. सासरचा निरोप चोख होता : मोटार आणा आणि न्या, नाहीतर पोरगी इथंच राहू दे. सासू म्हातारी, दिसत नाही, आणि गावची सुईण कशी हे सगळ्या तासगावाला ठाऊक.

लोणंदच्या अलीकडं मोरवड्याच्या जहागीरदारांकडं वीस वर्षांची ब्युक विकायची आहे, असं कळलं. काळी, लांबलचक, मागल्या खिडक्यांना हिरवे पडदे, आणि ड्रायव्हरच्या पाठीशी काचेची भिंत. कारभाऱ्यानं किंमत अशी सांगितली, की हंबीररावाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं बॉनेट उघडलं, खाली घुसला, तेलाचा वास घेतला. इंजिन घड्याळासारखं चाललं होतं.

"येवढ्या कमीत का देताय, कारभारी?"

"पेट्रोल लय पिते," कारभारी म्हणाला आणि नजर चुकवून आत गेला.

गाडीची किल्ली राखणारा म्हातारा ड्रायव्हर केरबा तेवढा मागं राहिला. हंबीररावानं मागचं दार उघडलं. काय ती गादी! हात ठेवला तर रुतत होता. त्याच्या डोळ्यापुढं लीलाच बसली. आनंदाच्या भरात तो त्या रिकाम्या जागेपुढं वाकला आणि तासगावात जाऊन म्हणायचं ते तिथंच म्हणून बसला, "चल बाय, ऊठ. मुराळी आलाय तुला न्यायला."

केरबाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"आरं गड्या, काय बोललास ह्ये!"

"का? काय झालं?"

म्हाताऱ्यानं आधी दार लावलं, मग हंबीररावाला लिंबाखाली ओढत नेलं. धाकट्या बाईसाहेबांची ही गाडी. त्यांचं माहेर घाटाखाली. एका साली धरणाचं पाणी चढलं आणि ते गाव बुडालं. त्यांचा एकुलता एक भाऊ घरातलं सामान काढायला म्हणून गेला, तो परत वर आलाच नाही. वाड्यात कुणाची छाती झाली नाही त्यांना सांगायची. पंचमी आली की बाईसाहेब नवं लुगडं नेसून गाडीत येऊन बसायच्या. भाऊ आला की निघायला वेळ नको. एका पंचमीला संध्याकाळी केरबानं दार उघडलं तर त्या बसल्या जागी गार झाल्या होत्या.

"सोळा वरसं झाली. त्यो शबुद ऐकायला बसल्यात आत. आन् तू येऊन बोललास!"

"आवं बाबा, म्या लढाईत इतकी मढी बघितली, एक बी उठून बसलं न्हाई," हंबीरराव हसला. पण त्याचं हसू त्यालाच जरा मोठं वाटलं. त्यानं पैसे मोजले आणि गाडी काढली.

वाईट काही झालं नाही. गाडी झुळझुळ पळाली. फक्त एकदा, भर दुपारी, मागल्या काचेवर कुणीतरी बांगडी आपटावी तसं टक्क वाजलं. सैल खिळा असेल, असं म्हणून त्यानं घरी आल्यावर सगळे खिळे आवळले.

आता राहिला विमा. जुलैपासून नवीनच कायदा लागला होता, विम्याचा कागद नसेल तर मोटार रस्त्यावर आणायची नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी हंबीररावानं पेट्रोलची कुपनं खिशात घातली आणि थेट सांगली गाठली. विम्याचे एजंट गंगाधरपंत यांचं घर गणपतीच्या देवळामागं होतं. जाड भिंगांचा चष्मा, स्वच्छ धोतर, आणि जीव गेला तरी कागदावर शाईचा डाग पडू न देणारा माणूस.

"पूर्ण विमा घ्याल तर गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे त्यातच जातील," पंत म्हणाले. "एवढ्या जुन्या गाडीला कंपनी तसाही नाक मुरडते. तुम्ही कायद्यापुरता घ्या. स्वस्तात पडेल."

"म्हंजी?"

"म्हणजे तुमच्या गाडीखाली रस्त्यावरचा कोणी सापडला, तर कंपनी भरून देईल. आत बसलेल्यांचा मात्र विमा नाही. आतल्यांचं तुमचं तुम्ही निस्तरायचं."

"आत आमचीच माणसं," हंबीरराव म्हणाला. "तसाच द्या."

पंत फॉर्म घेऊन बाहेर आले. नंबर उतरवला, चाकं बघितली. आसनं मोजायला त्यांनी मागच्या खिडकीचा पडदा बोटानं बाजूला केला, आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"क्षमा करा हं, बाई," ते पडद्याला म्हणाले. मग हंबीररावाकडं वळून तडकले, "अहो, काय माणूस आहात! बाईमाणसाला उन्हात कोंडून ठेवलंत? आमच्या मुलीला सांगतो, ती ह्यांना आत नेऊन चहा देईल."

हंबीररावानं धावत जाऊन दार उघडलं. आत कोणी नव्हतं. गादीचा उजवा कोपरा तेवढा खाली दबलेला होता, आणि हंबीरराव बघत राहिला तरी तो वर आला नाही.

पंतांना त्यानं कसंबसं काहीतरी सांगितलं, कागद घेतला आणि निघाला. घरी परत जावं, असं दहादा मनात आलं. पण लीला दारात उभी असणार. सहावी पंचमी. गाडी न्यावी तर आत त्या बाईसाहेब, न न्यावी तर बहीण त्या आंधळ्या घरात बाळंत होणार. "काय व्हायचं ते हू दे," तो मोठ्यानं म्हणाला आणि तासगावचा रस्ता धरला.

लीला दारातच होती. भावाला बघून ती हसली, रडली, पुन्हा हसली. हंबीररावानं तिला पुढं आपल्याशेजारी बसवायला बघितलं, पण तिचं पोट तिथं मावेना. अखेर ती मागं बसली, डाव्या कोपऱ्यात. खरं सांगून पोरीला कशाला घाबरवायचं?

विटा गेलं. काचेमागून लीलाचं बोलणं ऐकू येत होतं. मधेच थांबायची, मग हुंकार द्यायची, मग "पाच वरसं" असं काहीतरी म्हणायची. हंबीररावानं मागं वळून बघितलं नाही. पुसेसावळीच्या त्या बाभळीपाशी त्यानं गाडी पावलापावलानं चालवली. बाभूळ मागं पडली आणि बोलणं बंद झालं. मग घर येईपर्यंत मागून श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

शालूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. माहेराला आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकायचा, मग तिला उंबरा ओलांडू द्यायचा. लीला खाली उतरली. ताठ मान, पदर दोन्ही खांद्यांवरून. तिनं घराकडं बघितलं, शालूबाईकडं बघितलं, आणि जन्मात कधी बोलली नव्हती तशा भाषेत म्हणाली, "हे आमचं माहेर नव्हे."

"आगं लीलाबाय, आसं काय करतीस?"

"आम्हांला आमच्या गावी न्या." ती गाडीकडं वळली, आणि वळता वळता कळेनं वाकली. कळा सुरू झाल्या होत्या. शालूबाई धरायला धावली, पण तिनं हात झिडकारला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला ती तयार नव्हती. "मुराळी आला आहे. आम्ही इथं थांबणार नाही."

शालूबाईचा रंग उडाला. "आवं, बघत काय ऱ्हायलाय? पोरगी मरंल की आंगणात!"

हंबीररावाला रडूच फुटलं. तो बहिणीपुढं गुडघ्यावर बसला, आणि सोळा वर्षांत वाड्यातल्या कुणी जे सांगितलं नव्हतं ते त्यानं सांगून टाकलं.

"बाईसाहेब, तुमचं गाव ऱ्हायलं न्हाई. पाण्यात गेलं. भाऊ बी गेला तुमचा. त्यो इसरला न्हाई तुमास्नी, त्यो बुडला. तुमी कितीबी बसला तरी त्यो यायचा न्हाई."

लीलाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. आळीतली माणसं दारं लावून आत बसली.

"पर मुराळी आलाय, आसं म्या म्हणलंय," हंबीरराव हात जोडून म्हणाला. "चुकून म्हणलं, पर म्हणलंय. म्या फिरणार न्हाई. ह्येच तुमचं म्हायेर. ह्यो तुमचा भाऊ. आता आत या, आन् माझ्या बहिणीला सोडा."

शालूबाई मोठी शहाणी. तिनं काही विचारलं नाही. आत गेली, दुसरी भाकरी आणली. एक तुकडा लीलावरून ओवाळला आणि दुसरा, डोळे गच्च मिटून, गाडीच्या उघड्या दारावरून. गादीच्या स्प्रिंगा करकरल्या. उजवा कोपरा हळूहळू वर आला. ओल्या मातीवर काही दिसलं नाही, पण उंबऱ्यावरचं हळदीकुंकू पावलाखाली यावं तसं पुसट झालं.

लीला भावाच्या अंगावर कोसळली. "दादा," ती म्हणाली, "लय दुखतंय रं."

दिवे लागायला मुलगी झाली. चांगली ठणठणीत, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं रडणारी. हंबीरराव ओट्यावर बसून डोळे पुसत होता. उजाडल्यावर शालूबाईनं त्याला आत बोलावलं.

लीला पडून होती, कुशीत लेक. चेहरा दमलेला, पण शांत.

"गाडीत कुनाशी बोलत हुतीस गं?" त्यानं विचारलं.

"गाडीतल्या त्या बाईशी. तिनं पोटावर हात ठेवला हुता, रस्ताभर. बाभळीपाशी म्या लय भ्याले, तवा तिनंच धरलं मला." लीलानं लेकीला जवळ ओढलं. "तिनं विचारलं, तुला भाऊ किती? म्या म्हणलं, एकच. तर म्हणाली, मला देतीस का?"

"आन् तू?"

"दादा, पाच पंचम्या म्या दारात हुभी ऱ्हायली. मला ठाव हाय ते कसं आसतं. म्या दिला."

बाहेर पंचमीची गाणी म्हणत बायका रस्त्यानं चालल्या होत्या.

"आता दर सालच्याला आधी मोरवड्याला, तिच्या सासरी, जायाचं," लीला म्हणाली. "मोकळी गाडी तिथं हुभी करायची, दार उघडायचं, न्यायला आलोय म्हनायचं. मग मला न्यायला यायचं."

"आन् तवर तू वाट बघत बसायचं?"

लीलानं लेकीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"बघीन की. ती थोरली हाय."